टोचेल तोच 'सा'

जर्मनीत नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाचे शनिवार-रविवार बहुधा ठरलेले असतात. महाराष्ट्र मंडळ, इंडियन दुकानातली खरेदी, गणपती जवळ आले की ढोल-ताशाचा सराव. मी त्याऐवजी चर्चच्या वृंदगानात शिरले आणि एक अख्खा हिवाळा सतराव्या शतकातल्या लॅटिन गाण्यावर घालवला. देवाधर्माचा त्यात काही संबंध नव्हता. श्टुटगार्टजवळच्या आमच्या गावात चर्चच्या फलकावर कागद लागला होता: ईस्टरआधीच्या उपवासकाळात मैफल आहे, आल्टो आवाज हवेत. आल्टो म्हणजे बायकांमधला खालचा आवाज. सावंतवाडीत मध्यमा पूर्णपर्यंत गाणं शिकले तेव्हापासून माझी पट्टी काळी चार, म्हणजे इथल्या हिशेबात मी आपोआपच आल्टो.

चर्चच्या संगीताची जबाबदारी जिच्याकडे असते तिला इथं कांटोरिन म्हणतात. सगळे तिला नावानं हाक मारतात. मला ते अजून जड जातं, म्हणून मनातल्या मनात मी बाईच म्हणते. बाईंनी चाचणीला काहीही गा म्हटल्यावर मी भूपातली एक बंदिश म्हटली. त्या शांतपणे ऐकत बसल्या. मग पियानोवर तीन सूर एकदम वाजवले आणि मधला गाऊन दाखव म्हणाल्या. वरचा आणि खालचा मला लगेच सापडत होता, मधला मात्र दोन्हींच्या आड लपायचा. तरी घेतलं त्यांनी मला. 'मधला ऐकायला इथं शिकशीलच, आल्टोला दुसरं कामच नाही,' एवढंच म्हणाल्या.

कार्यक्रमात दोन रचनाकार होते. पूर्वार्धात हाइनरिश श्युट्स. हा ड्रेस्डेनच्या दरबारातला प्रोटेस्टंट संगीतकार, तरुणपणी व्हेनिसला जाऊन जोव्हान्नी गाब्रिएलीकडे शिकलेला. त्याचा 'कान्तिओनेस साक्रे' हा चाळीस लॅटिन रचनांचा संग्रह १६२५ साली छापला गेला. तीस वर्षांचं युद्ध तेव्हा सुरू होतं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांची गावं जाळत होते, आणि या प्रोटेस्टंट माणसानं आपला संग्रह सम्राटाच्या कॅथलिक सल्लागाराला, हान्स उलरिश फॉन एगेनबेर्गला, अर्पण केला. त्यातल्या 'क्विद कोमिसिस्ती' या पाच भागांच्या मालिकेत 'एगो' आणि 'तू' असा सतत सामना चालतो. एगो म्हणजे मी, आणि तू म्हणजे चक्क तू. पाप मी केलं, शिक्षा तू भोगलीस. माजलो मी, झुकलास तू. सुंदर आहे, चारच आवाजांचं आहे, आणि गायला महाकठीण. पण माझा जीव अडकला तो उत्तरार्धात, जाकोमो करिस्सीमीच्या 'येफ्ते'मध्ये.

करिस्सीमी १६०५ साली रोमजवळच्या मारीनो गावात जन्मला. पिंपं बनवणाऱ्याचा मुलगा. १६२९ पासून १६७४ साली मरेपर्यंत तो रोममधल्या कोलेजिओ जर्मानिको या जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मगुरू-संघाच्या, संस्थेत संगीतप्रमुख होता. जर्मन मुलखातल्या मुलांना धर्मगुरू बनवून परत पाठवायचं, हे त्या संस्थेचं काम. म्हणजे आल्प्सपलीकडून आलेली पोरं याच्या हाताखाली गायची, आणि त्याची कीर्ती आपल्याबरोबर उत्तरेला न्यायची. 'येफ्ते' १६५०च्या आधीचं आहे हे नक्की, कारण त्या वर्षी रोममध्येच छापलेल्या आपल्या संगीतविषयक ग्रंथात जेझुइट पंडित आथानासिउस किर्शरनं त्याची तोंड भरून स्तुती केली आहे. गोष्ट आनंदाकडून शोकाकडे वळते ती जागा संगीतात कशी उतरली आहे, हे त्याला दाखवायचं होतं.

गोष्ट बायबलच्या जुन्या करारातली. येफ्ते हा इस्राएलचा सेनापती. तो नवस बोलतो: अम्मोन्यांवर विजय मिळाला, तर घरी परतल्यावर जे कोणी सर्वांत आधी दारातून सामोरं येईल, त्याचा देवाला बळी देईन. विजय मिळतो. सामोरी येते एकुलती एक लेक, डफ-झांजा वाजवत, नाचत. बाप कपडे फाडतो. लेक म्हणते, बोललात ते करा, पण मला दोन महिने द्या, मैत्रिणींबरोबर डोंगरात जाऊन रडून येते.

आईला फोनवर ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, 'अगं, हे तर श्रियाळ-चांगुणा.' मी म्हटलं, पण चिलया परत येतो ना. 'ही नाही येत?' नाही. करिस्सीमी तर ती मेल्याचंही सांगत नाही. ती डोंगरात जाते, रडते, मागून सगळा समुदाय रडतो आणि रचना तिथंच संपते. आईला हे अजिबात पटलं नाही. कथा अर्धी कशी टाकायची, हा तिचा मुद्दा. माझ्या मते करिस्सीमीचं सगळं कसब त्या अर्ध्यावर टाकण्यात आहे. सुरी दाखवली असती, तर ऐकणाऱ्यानं बापाला शिव्या दिल्या असत्या आणि मोकळा झाला असता.

तालमी दर मंगळवारी संध्याकाळी, चर्चशेजारच्या सभागृहात व्हायच्या. हीटर सुरू, खिडक्या बंद, कोपऱ्यात पियानो. हातात आलेल्या प्रतीवर सहा ओळी एकाखाली एक: तीन सोप्रानो म्हणजे बायकांचे वरचे आवाज, एक आल्टो, आणि पुरुषांचे एक टेनर, एक बास. त्यांच्या खाली ऑर्गनसाठी बासची ओळ आणि तिच्यावर आकडे. मी वरून चौथी. पाश्चात्त्य लिपी मला अक्षरओळख असल्यासारखीच येत होती, त्यामुळे पहिले काही आठवडे मी पेन्सिलीनं प्रत्येक सुराच्या डोक्यावर सारेगम लिहीत गेले. शेजारची आल्टो, निवृत्त शाळाशिक्षिका, ते बघून खूश व्हायची. तिला वाटायचं मी काही गुप्त टिपणं काढते आहे. ही युक्ती थोड्याच ओळी टिकली. कारण इथं 'सा' जागेवर राहत नाही. एका वाक्यात जो सूर षड्ज वाटतो, तो पुढच्या वाक्यात पंचम होतो, आणि तुम्ही खोडरबर शोधेपर्यंत बाकीचे पाच आवाज पुढे गेलेले असतात.

उच्चारांची मजा वेगळीच. श्युट्स जर्मन, म्हणून त्याचं लॅटिन जर्मन वळणानं म्हणायचं. करिस्सीमी रोमचा, म्हणून इटालियन वळणानं. लढाईच्या भागातला 'cedite' असा शब्द इटालियन रीतीनं 'चेदिते' होतो, आणि जर्मन जिभा सवयीनं 'त्सेदिते' म्हणतात. बाई थांबवायच्या, पुन्हा सुरू करायच्या, पुन्हा एखादा त्सेदिते यायचा. मी सगळं देवनागरीत लिहून घेतल्यामुळे मला हा त्रास झाला नाही. शिवाय जर्मन 'त' हवा सोडत येतो, इटालियन 'त' आपल्यासारखाच दातांना जीभ लावून. हे बाईंच्या कानांनी टिपलं, आणि एका तालमीत त्यांनी मला उभं करून 'तिम्पानिस, तिम्पानिस' असं चारदा म्हणायला लावलं, सगळ्यांनी ऐकावं म्हणून. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या मराठी 'त'चा कोणाला उपयोग झाला.

पण उच्चार ही वरवरची गोष्ट. माझ्या गळ्याला खरी अडचण दोन ठिकाणी आली.

पहिली मींड. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट दाखवायची, हे आपल्या हाडीमासी असतं. इथं सहा आवाजांतल्या एकीनंही वाट दाखवली की सगळी चौकट डुगडुगते. सूर सोडायचा तो कापल्यासारखा आणि पुढचा धरायचा तो थेट मधोमध. अपवाद एक जागा. अम्मोनी हरतात तेव्हा वरचे तीन आवाज 'एत उलुलान्तेस' म्हणत, हंबरडे फोडणाऱ्या शत्रूचं वर्णन करतात, आणि सूर अर्ध्या-अर्ध्या पायरीनं खाली सरकतात. बाईंनी ही जागा तीन एकल गायिकांना न देता आमच्यातल्या छोट्या गटांना दिली होती. शुद्धाच्या लगेच खाली कोमल, त्याच्याही खाली तसंच. आपल्याकडे लागोपाठ दोन्ही मध्यम घ्यायचे तर ललतासारखा राग लागतो. इथं सगळी उतरंडच तशी. हरलेल्यांचं रडणं विजेत्यांच्या उत्सवाच्या मध्येच येतं, आणि पुढे याच घरात रडणं येणार आहे, हे ऐकणाऱ्याला अजून ठाऊक नसतं. मला वाटतं, या रचनेतली सगळ्यात हुशार जागा हीच.

दुसरी अडचण शेवटच्या समूहगानाची. 'प्लोराते, फीलिई इस्राएल'. रडा, इस्राएलच्या लेकरांनो. पाचेक मिनिटांचा हा भाग नंतरच्या लोकांना इतका भावला, की हॅन्डेलनं पुढे आपल्या 'सॅमसन'मध्ये तो उचलला. यात 'लामेन्तामिनी', म्हणजे शोक करा, हा शब्द पुन्हापुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी आवाज एकमेकांना घासतात. हे घासणं कसं घडतं ते सांगते, कारण माझा अर्धा हिवाळा त्यातच गेला.

समजा, मी 'सा' लावून उभी आहे. वरची सोप्रानो माझ्याशी जुळणाऱ्या सुरावर आहे, सगळं गोड आहे. आता जोर पडतो त्या मात्रेवर सोप्रानो सरकून 'रे'वर येते. मी हललेली नाही. माझा तोच सूर, एका क्षणापूर्वी निर्धोक असलेला, आता तिच्या 'रे'ला टोचायला लागतो. हे टोचणं ऐन समेवर येतं, ओझरतं नाही. मग मी एक पायरी उतरून 'नी'वर जाते आणि दोघींमध्ये पुन्हा गोडवा येतो. तेवढ्यात दुसरीकडे दुसरी जोडी घासायला लागलेली असते. अशी साखळी. रडताना श्वास लागतो, सुटतो, पुन्हा लागतो, तो सगळा कागदावर आधीच मांडून ठेवलेला आहे. गायिकेनं वेगळं रडायचं नाही. बाईंनी ते बजावूनच ठेवलं होतं: आवाजात कंप नको, हुंदका नको, भाव नको, फक्त सूर धरा.

सूर धरा म्हणणं सोपं आहे. वरून 'रे' आला की माझा गळा पळायचा. एक तर मी सोप्रानोच्या सुराकडे ओढली जायचे, नाहीतर टोचणी सहन न होऊन वेळेआधीच 'नी'वर उतरून बसायचे. आपल्या गाण्यात गायकाला जाब विचारणारा एकच असतो, तानपुरा, आणि तो कधी जागा सोडत नाही. इथं जाब विचारणारे पाच, आणि पाचही फिरते. घरी मोबाइलवर सोप्रानोची ओळ लावून मी माझी गायची. स्वयंपाक करताना, भांडी लावताना, नवऱ्याच्या मीटिंगा चालू असताना. त्याच्या ऑफिसातल्या कोणीतरी एकदा विचारलं म्हणे, घरी सगळं ठीक आहे ना?

उपाय सापडला तो जुन्याच शिकवणीतून. सारेगम लिहिणं सोडून दिलं, पण एक गोष्ट ठेवली. जो सूर मला टोचत धरायचा आहे, तो कागदावर कुठलाही असो, त्या घटकेपुरता तोच माझा 'सा'. बाकीचे पाच आवाज काय करताहेत, कुठल्या रागात आहेत, त्याच्याशी मला देणंघेणं नाही. षड्ज काही कोणी अंगावर आलं म्हणून हलत नाही. मग उतरायची वेळ आली की 'नी' घ्यायचा, शुद्ध की कोमल हे आधी पाहून ठेवायचं. पेन्सिलीनं मी अशा प्रत्येक जागी फक्त एक 'सा' लिहून त्याला गोल केला. शेवटच्या दोन पानांवर गोलच गोल झाले. एका मंगळवारी 'लामेन्तामिनी'च्या शेवटच्या फेरीत बाईंनी हात थांबवला नाही, फक्त माझ्याकडे बघून भुवई उचलली. ती पावती मी घरी येईपर्यंत जपून आणली.

कार्यक्रमपत्रिकेसाठी प्रत्येकानं काहीतरी शोधून आणायचं असा इथला रिवाज. मी करिस्सीमीबद्दल वाचत होते. त्याच्या हयातीनंतर पोपनं त्याची हस्तलिखितं संस्थेबाहेर न्यायला बंदी केली होती. पुढे १७७३ साली जेझुइट संघच बरखास्त झाला आणि ती सगळी पांगली. आज 'येफ्ते' आपल्याकडे आहे ते इतरांनी करून ठेवलेल्या नकलांमुळे. हे वाचता वाचता एका ठिकाणी 'गोवा' दिसलं. जुझेप्पे दि सांता मारिया नावाचा एक कार्मेलाइट मिशनरी १६६३च्या सुमारास गोव्यात होता. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमध्ये त्यानं सात गायकवृंदांचं, वाद्यांच्या साथीचं संगीत ऐकलं. हे तर रोममध्ये असल्यासारखं वाटतं, असं तो म्हणाला, तेव्हा त्याला सांगण्यात आलं की बरोबर आहे, ही रचना प्रसिद्ध करिस्सीमीची. गाणारे होते 'कानारी', म्हणजे पोर्तुगीज ज्यांना तसं म्हणत ते तिथले आपले कोकणी लोक. ते किती सहज आणि किती चांगलं गातात, याचं त्यानं आश्चर्य लिहून ठेवलं आहे.

मी तो परिच्छेद पुन्हापुन्हा वाचला. करिस्सीमी तेव्हा जिवंत होता! बॉम जेझूत मी शाळेच्या सहलीतून गेले होते. सेंट झेवियरची पेटी पाहिली, बाहेर येऊन सोलकढी प्यायले, आणि सावंतवाडीची एसटी पकडली. तिथल्या भिंतींनी सात वृंद ऐकले आहेत, हे कोणी सांगितलं नव्हतं. गोव्यातल्या चर्चला जोडून शाळा असत, तिथं 'मेस्त' मुलांना गाणं आणि व्हायोलिन शिकवत. त्यातूनच हे गायक तयार झाले असणार. याची दुसरी बाजूही आहे, तीही मी पत्रिकेत लिहिली. त्याच गोव्यात इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशीची, कचेरी होती, आणि १७३६ सालच्या तिच्या फर्मानानं लग्नातल्या ओव्यांवरसुद्धा बंदी आली. लॅटिन गा, शाबासकी मिळेल. आजीची ओवी गायलीस तर शिक्षा. सात वृंदांचं कौतुक करताना मला ते विसरता येत नाही.

मध्यंतरात प्रेत्सेल खाताना हे वाचून दाखवलं. बासमधले एक आजोबा म्हणाले, 'म्हणजे तुमच्या लोकांनी हा माणूस आमच्या गावाच्या तीनशे वर्षं आधी गायला!' आमच्या गावाचा पुरावा त्यांच्याकडे होता की नाही कोण जाणे, पण त्या दिवसापासून मला नवखी कोणी म्हटलं नाही.

शेवटच्या आठवड्यात वाद्यं आली: पेटीएवढा छोटा ऑर्गन, थिऑर्बो नावाचं लांब मानेचं तंतुवाद्य, आणि बाससाठी व्हिओलोने. पट्टी ४१५ हर्ट्झ, म्हणजे आजच्या ४४०पेक्षा साधारण अर्धा सूर खाली. माझ्या काळी चारच्या गळ्याला ते फारच सोयीचं. पण धक्का बसला तो ऑर्गनच्या जुळणीनं. तो आजच्या पियानोसारखा समसमान वाटून लावलेला नव्हता. जुन्या मीनटोन पद्धतीनं, म्हणजे पंचम जरा आवळून गंधार शुद्ध ठेवून लावला होता. ऑर्गनवाल्यानं सहज तीन सूर दाबले आणि मी दचकले. तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येतो ना, स्वयंभू गंधार, तो समोर वाजत होता. पियानोचा गंधार त्याच्यापेक्षा चौदा सेंट चढा असतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). आमचे गुरुजी पेटीच्या गंधाराला नाक मुरडायचे, तेव्हा आम्ही पोरं हसायचो. इथं या गोऱ्यांच्या चर्चमध्ये गुरुजींचा गंधार अगदी बिनतक्रार बसला होता. हिवाळाभर पियानोशी जुळवून घेतलेले आम्ही सगळे पहिल्या अर्ध्या तासात चढे ठरलो. मग कान बसले. आणि गोड जागा इतकी स्वच्छ झाल्यावर टोचणाऱ्या जागा दुप्पट टोचायला लागल्या.

मैफलीचं फारसं सांगण्यासारखं नाही. चर्चमध्ये कडाक्याची थंडी होती, मी काळ्या ड्रेसच्या आत दोन थर्मल चढवले होते. लेकीच्या विलापातला प्रतिध्वनी गाणाऱ्या दोघी सोप्रानो मागच्या सज्ज्यात, श्रोत्यांच्या पाठीशी उभ्या होत्या. 'उलुलाते' असं ती पुढून म्हणे आणि डोंगरातून यावं तसं मागून 'उलुलाते' परत येई. पहिल्या रांगेतल्या एका छोट्या मुलानं दर वेळी मान वळवून पाहिलं. 'प्लोराते' आलं. माझे गोल एकेक करून गेले. एका जागी, मला आधीपासूनच जिची भीती होती तिथं, शेजारच्या शाळाबाई घसरल्या, मी नाही. त्या नंतर म्हणाल्या की त्यांनी तिथं माझाच सूर पकडून परत जागा घेतली.

यंदा बाईंनी मॉन्टेव्हर्दी घेतला आहे, 'सेल्वा मोराले' मधली लॅटिन स्तोत्रं. आल्टोत दोन नव्या मुली आल्या आहेत, दोघी विद्यापीठातल्या, नोटेशन माझ्यापेक्षा कितीतरी भराभर वाचणाऱ्या. घासायच्या जागा मात्र दोघींना धरवत नाहीत. बाईंनी त्यांना माझ्याकडे सोपवलं आहे, तालमीआधी अर्धा तास. मी मोबाइलवर तानपुरा लावते, त्यांना 'सा' धरायला सांगते आणि जवळ उभी राहून वरचा 'रे' लावते. एकीला जमायला लागलंय. दुसरी अजून हसते.